वर्गणी खुली की फक्त मखरापुरती?

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की मी सोळा वर्षं एका आंतरराष्ट्रीय बालसंस्थेत सरकारी भागीदारी आणि निधीचं काम बघितलं. एकच ओळ होती ती, पण तिच्यावर एवढे मेल आले की या महिन्यात दुसरं काही घेताच येत नाहीये. कुंडीतल्या मिरचीला कीड लागलेल्या काकूंनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबावं, तोवर कडुनिंबाचं तेल मारा. पत्रं थोडी कापलीत, नावं सगळ्यांची गाळलीत.

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यू केलंय, वय २७, सध्या महापेच्या एका कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या टीममध्ये आहे. एका मोठ्या बालसंस्थेच्या 'पार्टनरशिप्स' विभागात जागा निघालीये आणि मी अर्ज केलाय, पण खरं सांगू का, रोज तिथे नक्की काय करतात ते मला नीट कळलेलं नाही. घरी सांगितलं तर आई म्हणते म्हणजे सरकारकडे पैसे मागत फिरायचं का? (ऐरोली)

उत्तर : आईला सांग, हो, मागायचेच असतात. पण मागणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग, पैसे मिळाले की खरी डोकेदुखी सुरू.

आधी पैसा येतो कसा ते बघ. युनिसेफचंच घेऊ, नाव सगळ्यांना माहितीये म्हणून. ११ डिसेंबर १९४६ ला सुरू झाली ती महायुद्धानंतरच्या उपाशी, आजारी पोरांसाठी, तात्पुरता फंड म्हणून. १९५३ मध्ये कायमची केली, तेव्हा नावातले 'इंटरनॅशनल' आणि 'इमर्जन्सी' हे दोन शब्द गळले पण युनिसेफ हे लघुरूप तसंच राहिलं. आता गंमत अशी की युनोच्या मुख्य बजेटला प्रत्येक देशाला ठरवून दिलेला वाटा भरावाच लागतो, आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा, नाही भरला तर नावावर थकबाकी. युनिसेफला असा मेंटेनन्स कुणाकडूनच येत नाही. एखादं सरकार असो, कंपनी असो की कुठल्या गावची आजी असो, जो देतो तो आपल्या मर्जीने देतो. म्हणजे वर्गणीच झाली की.

आणि वर्गणी आपल्याला कुणी शिकवायला नको. मी नौपाड्यात वाढले, गल्लीच्या मंडळात माझे वडील खजिनदार होते. दोन प्रकारचे लोक यायचे. एक पाचशेची नोट द्यायचे, पावती खिशात टाकायचे आणि चालायला लागायचे. दुसरे म्हणायचे माझे पाच हजार घ्या, पण फक्त मखराला, आणि बॅनरवर दुकानाचं नाव मोठं पाहिजे. मग व्हायचं काय, मखराला गरजेपेक्षा जास्त पैसे जमायचे आणि इकडे मांडववाल्याचं बिल, लाइटवाल्याचं बिल, विसर्जनाच्या ट्रकचं भाडं सगळं थकायचं, आणि मखराच्या पैशातून ट्रक करता येत नसे कारण तो दुकानदार अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी हिशोब बघायला दारात हजर. वडील रात्री वही घेऊन बसायचे आणि आई विचारायची, अहो पैसे आहेत ना, मग द्या की. वडील म्हणायचे, आहेत गं, पण ते पैसे बोलतात.

मी पुढे जे सोळा वर्षं केलं ते हेच, फक्त आकड्यांना शून्यं जास्त. खुल्या वर्गणीला तिथे 'रेग्युलर रिसोर्सेस' किंवा कोअर म्हणतात, मखराच्या पैशाला 'अदर रिसोर्सेस', त्यात पुन्हा इमर्जन्सीचा कप्पा वेगळा. मधला एक प्रकार असतो, थीमॅटिक, म्हणजे शिक्षणाला वापरा पण शिक्षणात कुठे ते तुमचं तुम्ही बघा. सगळ्यांना हवा असतो खुला पैसा आणि जास्त येतो तो अटींचा. टीव्हीवर ज्या संकटाची बातमी चालू असते तिथे पैसा धावत जातो, आणि जिथे वीस वर्षं मुलं हळूहळू कुपोषित होतायत तिथलं ट्रकभाडं थकलेलंच असतं. तुझं काम म्हणजे देणाऱ्या सरकारच्या परराष्ट्र खात्यातल्या त्या डेस्कवाल्या बाईला पटवणं की बाई, थोडे पैसे ट्रकलाही दे. ती बाई चांगली असते हं. तिलाही तिच्या संसदेत उत्तर द्यायचं असतं.

रोजचं म्हणशील तर प्रपोजल लिहिणं, करारातली कलमं वाचणं (वाचणं म्हणजे खरंच वाचणं, व्याज कुणाचं, उरलेले पैसे परत करायचे की वापरायचे, लोगो कुठे लावायचा, ऑडिट कोण करणार), वर्षाचा आणि शेवटचा रिपोर्ट, पाहुण्यांचा दौरा, आणि मुदतवाढीची पत्रं. एक देश पैसे कबूल करतो स्वतःच्या चलनात, मोजले जातात डॉलरमध्ये, खर्च होतात रुपयात, मधल्या काळात भाव हलला की शंभर वजनकाटे घ्यायचे तिथे ब्याण्णवच येतात आणि ते आठ कुठे गेले हे तूच समजावायचं.

पण मला विचारशील तर या नोकरीला कॅलेंडरवाली म्हणायला हवं. अमेरिकी सरकारचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, युनोचं जानेवारीला, आपलं आणि जपानचं एप्रिलला. जपानचा पैसा तर पुष्कळदा त्यांच्या पुरवणी बजेटमधून येतो आणि साधारण वर्षभरात संपवायचा असतो. आता हे बारा महिने तू शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उतरवून बघ. जून ते ऑगस्ट भातलावणी आणि ओढ्यांना पाणी, सर्व्हेला घरी कुणी भेटत नाही. मग गणपती. मग दिवाळी, दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर गेलेला. मध्येच कुठलीतरी निवडणूक आणि आचारसंहिता. आणि फेब्रुवारीपासून सरकारी ऑफिसात कुणाला फोन करायची सोय नाही, मार्च एंड. बारातले धडपणे पाच महिने हाताला लागतात. हे मुंबईबाहेर कधी न आलेल्या माणसाला इंग्रजीत आणि न रडता समजावून सांगता आलं की तुला ती नोकरी जमली.

प्रश्न : मुलाला युनिसेफच्या नावाने मेल आलाय, आफ्रिकेत नोकरी, पगार डॉलरमध्ये. फक्त मेडिकल आणि रजिस्ट्रेशनचे साडेअठरा हजार आधी भरायला सांगतायत. भरू का? मुलगा म्हणतो लेटरहेड खरं दिसतंय. (डोंबिवली)

उत्तर : भरू नका. युनिसेफ भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर एक रुपयाही घेत नाही, अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, ट्रेनिंगला नाही. लेटरहेड तर आमच्या स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवालासुद्धा दहा मिनिटांत करून देईल. भरले असतील तर आजच १९३० ला फोन करा, उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभागात लिपिक होतो, आता निवृत्त. राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. दर वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी लॅपटॉप घेऊन यायचं, पीपीटी दाखवायचं, साहेबांबरोबर पोहे खायचं, ग्रुप फोटो व्हायचा. एवढ्या वर्षांत आमच्या कुठल्याही लेखाशीर्षात (म्हणजे सरकारी बजेटातल्या खर्चाच्या कप्प्यात) या लोकांचा एक रुपया जमा झालेला मी पाहिला नाही. मग ही भागीदारी कसली? (कल्याण)

उत्तर : काका, राग कशाला, त्या पोह्यांतली एक प्लेट बहुतेक माझीच असेल.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ठाणे जिल्ह्यातली अंगणवाडी परदेशी पैशावर चालत नाही, कधी चालणारही नाही, आणि चालू नये. सेविकेचं मानधन, पोषण आहार, इमारत हे केंद्र आणि राज्याच्या पैशातून. बहुतेक बाबींना केंद्र ६० राज्य ४०, पूरक आहाराला निम्मं-निम्मं. या आकड्यांपुढे बाहेरच्या संस्थेचा भारतातला पैसा म्हणजे आमटीत मीठ. मग ती संस्था काय करते, तर एखाद-दुसरा सल्लागार बसवते, ट्रेनिंगचं साहित्य करून देते, आकडे नीट येतायत का ते बघते आणि एखादी गोष्ट आधी छोट्या प्रमाणात करून दाखवते.

मीठ नीट पडलं की काय होतं त्याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यातली सांगते, कारण ती हल्ली कुणी सांगत नाही. पुण्याजवळ पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ची कंपनी. भारत सरकारचा पेनिसिलीनचा कारखाना, आणि तो उभा राहिला तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. इंजेक्शनं बाहेरून आणून वाटण्यापेक्षा कारखानाच उभा करू असं त्या वेळी कुणाच्या तरी डोक्यात आलं, हे मला अजून भारी वाटतं.

दुसरं म्हणजे हातपंप. तुमच्या गावात असेल तो, जाड लोखंडी डोकं, लांब दांडा, उन्हाळ्यात बायकांची रांग. त्या पंपाचं नाव इंडिया मार्क टू. त्याच्या आधी खडकात बोअर मारून वर जे ओतीव लोखंडाचे पंप बसवायचे ते मुळात एकेका घरापुरते बनलेले, अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की महिना-दोन महिन्यांत मोडायचे, आणि मग खाली पाणी आणि वर मोडका दांडा. जालन्याला मिशनच्या लोकांनी त्यावर काम केलं, मग सोलापूरला ते आणखी सुधारलं, आणि त्या सोलापूर पंपावरून भारत सरकार आणि युनिसेफने मिळून सत्तरच्या दशकात मार्क टू केला. कल्पना गावातली, पैसा आणि चाचणी बाहेरची, आणि बसवायचं काम सरकारचं. तो पुढे आफ्रिकेतही गेला. मला कुणी भागीदारी म्हणजे काय विचारलं की मी त्यांना तो पंप दाखवते.

आता तुमच्या रागातला खरा भाग. पंपासारखं दर वेळी होत नाही. खूपदा तीन गावांत 'पायलट', म्हणजे छोटा प्रयोग होतो, छान होतो, फोटो छान येतात, आणि मग तो तिथेच मरतो, कारण पायलटच्या पहिल्या दिवशी कुणी हे विचारलेलंच नसतं की उद्या हे जिल्हाभर करायचं झालं तर पैसे कुठल्या हेडमधून, म्हणजे लेखाशीर्षातून पडणार, जीआर कोण काढणार, आणि हे काम सेविकेच्या कुठल्या रजिस्टरमध्ये बसणार. (तिच्याकडे आधीच रजिस्टरं आणि वर मोबाइल ॲप.) मी स्वतः अशा दोन मेलेल्या पायलटांची आई आहे. त्यातल्या एकात तुमच्यासारख्या एका लिपिकांनी मला पहिल्याच मीटिंगनंतर जिन्यात गाठून सांगितलं होतं, मॅडम याला हेड नाहीये. मला तेव्हा वाटलं हे अडवतायत. ते मला फुकटात सल्ला देत होते.

प्रश्न : आमचा छोटा ट्रस्ट आहे, शहापूर तालुक्यात तीन पाड्यांवर संध्याकाळची शाळा चालवतो. खर्च वर्षाला साडेसहा लाख, सगळा ओळखीच्या लोकांच्या देणगीतून. कुणी म्हणतं युनिसेफकडे अर्ज करा, कुणी म्हणतं त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी लागतं, कुणी म्हणतं सीएसआर बघा. आम्ही दोघं शिक्षक, डोकं चालेनासं झालंय. (कळवा)

उत्तर : दादा, एकेक करून घेऊ.

एफसीआरए कायद्यात 'परकीय स्रोत' कुणाला म्हणायचं ते लिहिलंय आणि त्यातून युनो, तिच्या विशेष संस्था, जागतिक बँक, नाणेनिधी यांना वगळलंय, शिवाय केंद्राने अधिसूचित केलेल्या आणखी काही एजन्सींची यादी आहे, युनिसेफ त्यात येते. म्हणजे तिथला पैसा या कायद्याने परकीय धरत नाहीत. पण बाकी ज्या परदेशी बालसंस्था आहेत, कितीही चांगल्या असू देत, त्यांच्याकडून घ्यायचं तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. २०२० च्या दुरुस्तीपासून नियम आणखी आवळलेत. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत (आधी ५० होता), आणि एका संस्थेने असा पैसा घेऊन तो दुसरीला पुढे द्यायचा नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पूर्वी मुंबईतली मोठी संस्था पैसे आणायची आणि तुमच्यासारख्यांना पुढे द्यायची, ती वाट आता बंद. कुणी तशी ऑफर दिली तर आधी तुमच्या सीएला दाखवा.

आता युनिसेफ. तुम्हाला सरळ सांगते, साडेसहा लाखांच्या संस्थेने तिकडे धावू नये. तिथे दारात उभं राहून अर्ज द्यायची पद्धत नाही, त्यांचा पाच वर्षांचा कार्यक्रम सरकारबरोबर ठरलेला असतो आणि त्यात बसणारं काम असेल तरच ते युएन पार्टनर पोर्टलवरून संस्था शोधतात. मग तुमच्या हिशोबाच्या पद्धतीची तपासणी होते, चेकवर सही कुणाची, कोटेशन कोण मागवतं, रोख किती हाताळता. पैसे हप्त्याने येतात आणि प्रत्येक हप्त्याचा फेस नावाचा फॉर्म असतो, त्यातच मागणी आणि त्यातच आधीच्या खर्चाचा हिशोब, सहा महिने उलटूनही हिशोब दिला नाही की तुमचं नाव लाल रंगात. मध्येच कुणीतरी येऊन कपाटातली व्हाउचरं तपासून जातं. मुलांच्या सुरक्षिततेची लेखी पद्धत हवी, तक्रार आली तर काय करणार ते कागदावर हवं. ही शेवटची गोष्ट मात्र कुणी पैसे देवो न देवो, उद्याच करून टाका, संध्याकाळची शाळा आहे तुमची.

सीएसआर तुम्हाला जवळचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्या येतात त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात, आणि ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना कंपन्याच कंपन्या आहेत. त्यासाठी आयकराच्या नोंदण्या (१२ए, ८०जी म्हणून ओळखतात त्या), सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांचा सीएसआर-१ फॉर्म आणि संस्थांची नोंद असलेल्या दर्पण पोर्टलचा नंबर करून ठेवा. आणि धर्मादाय आयुक्तांकडचं सगळं अपडेट आहे का बघा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. मी बघितलेल्या छोट्या संस्थांपैकी निम्म्या तरी इथेच अडकल्या, काम सोन्यासारखं, आणि कागदावरचे अध्यक्ष वारून सहा वर्षं झालेली.

पैशाच्या आधी एक करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र द्या की आम्ही या तीन पाड्यांवर हे करतोय, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. फुकट आहे. पुढे कुठल्याही देणगीदाराने 'सरकारला माहितीये का' विचारलं की तो शिक्का बोलतो.

प्रश्न : मी एका संस्थेत रिपोर्टिंग ऑफिसर आहे. परदेशी सरकारच्या पैशाचा रिपोर्ट ३० तारखेला जायचाय, जिल्ह्याच्या ऑफिसकडून खर्चाचं प्रमाणपत्र यायचंय, आणि ज्या साहेबांची सही लागते त्यांची बदली झाली. नवीन साहेब आले नाहीत, अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे आहे ते म्हणतात माझ्या काळातला खर्च नाही, मी सही करणार नाही. मला झोप लागत नाहीये. (वाशी)

उत्तर : अगं, पहिलं म्हणजे झोप. या कारणावरून कुणाला नोकरीवरून काढलेलं मी बघितलं नाही, आणि बदलीमुळे न अडकलेला रिपोर्टसुद्धा बघितला नाही.

ते अतिरिक्त कार्यभारवाले चुकत नाहीयेत, तू त्यांच्या जागी असतीस तर तूही नसती केलीस. त्यांना तुझा कागद नकोय, त्यांच्याच ऑफिसची नस्ती, म्हणजे फाइल हवीये. म्हणून त्यांच्या टेबलाला जाऊन बसू नकोस, लेखाधिकाऱ्यांकडे जा, कॅशबुक आणि व्हाउचरांवरून खर्चाचा तक्ता त्यांच्याकडून करून घे, त्यावर टिपणी त्यांनाच ठेवू दे. 'अभिलेखानुसार खर्च' असं लिहून आलं की माणूस आपल्या काळातला नसला तरी सही करतो कारण तो कागदावर सही करतोय, आधीच्या साहेबांच्या शब्दावर नाही. विभागाचं ऑफिस कोकण भवनात असेल तर एक प्रत तिथेही दे, वाशीहून बेलापूर काय लांब आहे, आणि जावक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नकोस.

दुसरं, आजच, म्हणजे हे वाचल्यावर लगेच, देणगीदाराला मेल टाक. ३० तारखेला 'उशीर होतोय' लिहिणं आणि १२ तारखेला लिहिणं यात फार फरक आहे. तात्पुरते आकडे दे, ते तात्पुरते आहेत असं ठळक लिही, प्रमाणपत्र येईल त्याची तारीख दे, आणि तारीख देताना तुला वाटते त्यात पंधरा दिवस मिळव. खर्च झालाय असं दाखवून प्रमाणपत्र मागाहून जोडू, असं ऑफिसात कुणी सुचवेल. करू नकोस. कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

चूक कबूल करायची भीती वाटत असेल तर माझी ऐक. एका दौऱ्याच्या आदल्या रात्री मी चाळीस वजनकाट्यांवर देणगीदार देशाच्या झेंड्याचे स्टिकर लावून घेतले. लाल-पांढरा झेंडा, वर लाल की वर पांढरा हे मी विचारलंच नाही, आणि सकाळी शहापूरच्या त्या अंगणवाडीत राजदूत वाकून बघतायत आणि काट्यावर भलत्याच देशाचा झेंडा. माझा घसा कोरडा. सेविकाबाईंनी शांतपणे काटा फिरवून त्यावर पोरगी ठेवली आणि म्हणाल्या, साहेब, वजन बघा. ते हसले. मी संध्याकाळी लेखी माफी पाठवली, काय झालं, कसं झालं, स्टिकर कधी बदलणार, तीन ओळी. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे वाढवले. वजनामुळे वाढवले असतील, पण माफीमुळे कमी केले नाहीत एवढं नक्की.

प्रश्न : अमेरिकेने मदत बंद केली असं वाचलं. आमच्या इथल्या अंगणवाडीवर परिणाम होईल का? (दिवा)

उत्तर : तुमच्या अंगणवाडीवर नाही, तिचा पैसा कुठून येतो ते वर कल्याणच्या काकांना लिहिलंय. आहार वेळेत येत नसेल तर त्याचं कारण वॉशिंग्टनमध्ये शोधू नका, आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे विचारा.

बाकी जगावर मात्र मोठा आहे. अमेरिका वर्षानुवर्षं युनिसेफला पैसा देणारं सगळ्यात मोठं सरकार. यूएसएड हे त्यांचं मदत खातं १ जुलै २०२५ ला गुंडाळलं गेलं, आणि २०२६ मधली आपली मिळकत २०२४ पेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असेल असा अंदाज युनिसेफने स्वतःच आधी सांगितला होता. ज्या देशांत सरकारकडेच पैसा नाही तिथे याचा अर्थ लसीचा फ्रीज बंद पडला तर दुरुस्तीला माणूस नाही. मोठा वर्गणीदार गल्ली सोडून गेला की मंडळाचं काय होतं ते आपण बघितलंय, पहिल्या वर्षी कुणालाच पटत नाही, दुसऱ्या वर्षी मांडव छोटा होतो.

प्रश्न : मॉलमध्ये एक मुलगा दर महिन्याला पैसे कापायचा फॉर्म भरून घेत होता, बालसंस्थेसाठी. नवरा म्हणतो अर्धे पैसे त्यांच्या एसी ऑफिसात जातात. खरं काय? (खारघर)

उत्तर : अर्धे नाही. युनिसेफसारख्या ठिकाणी अटींच्या पैशावर साधारण ८ टक्के व्यवस्थापनाचे कापले जातात आणि ते करारात उघड लिहिलेलं असतं. त्याशिवाय प्रकल्पाच्या आत पगार, गाड्या, भाडं असतंच, ते वेगळं, आणि ते असायलाच हवं, मुलाचं वजन करायला कुणीतरी माणूस लागतो ना. मॉलमध्ये उभं राहून कार्ड नंबर देऊ नका, घरी येऊन संस्थेच्या साइटवरून स्वतः भरा. आणि तिथे 'कुठल्या कामासाठी' असा पर्याय आला तर मी तरी 'जिथे गरज असेल तिथे' वर टिक करते. नवऱ्याला वर मखराचं लिहिलंय ते वाचायला द्या.

ता.क., ऐरोलीच्या मुलीला : तुझा दुसरा मेल काल रात्री आला, मुलाखत गुरुवारी आहे आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणाले तर काय विचारू. दोन प्रश्न विचार. तुमच्या या ऑफिसच्या पैशात खुला किती आणि अटींचा किती? आणि सगळ्यात मोठी ग्रँट कधी संपते? पहिल्याचं उत्तर लगेच आलं तर माणसं जागेवर आहेत. दुसऱ्याला ते एकमेकांकडे बघायला लागले तर समज की तुझं पहिलं काम मुदतवाढीचं पत्र, आणि ते कसं लिहायचं ते मला फोन करून विचार, नऊच्या आत कर, त्यानंतर मी ट्रान्सहार्बर लोकलला असते आणि तिथे रेंज नसते.